कृपेच्या पेपरात कॉपी

चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, आणि त्यातला बराच काळ परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडण्यात गेला. मोज्यात, कंपासपेटीत, ओढणीच्या काठावर, कॉपी कुठे आहे हे मला पोरांच्या चेहऱ्यावरच दिसायचं. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावर कागद गिळल्याचा आवाज येतो, असं शाळेतल्या इतर बाया सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. म्हणून आता जे सांगणार आहे ते सांगताना अजूनही कानकोंडं होतं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी कॉपी केली. तीही चर्चच्या वचन परीक्षेत. आणि विषय होता कृपा.

आमचं महिला मंडळ दर गुरुवारी दुपारी तीनला चर्चशेजारच्या खोलीत भरतं. आदिलाबादेत आम्ही मराठी ख्रिस्ती तशी मोजकीच घरं. आठ-दहा बाया जमतो, शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, चहा पितो आणि चहाबरोबर गावाची खबरबात घेतो. चर्चच्या पाळकबाई शिकवतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण कधी आवाज चढवत नाहीत. हे मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलं आहे, कारण आवाज न चढवता शिकवता येतं हे मी कधी मानलेलं नाही.

दरवर्षी दिवाळीनंतर आजूबाजूच्या सगळ्या मंडळांची मिळून परीक्षा असते. जैनथहून बाया येतात, बाजारहत्नूरहून येतात. बायबलातली पंधरा वचनं तोंडपाठ लिहायची आणि दोन मोठे प्रश्न सोडवायचे. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला विषय जाहीर झाला, कृपा आणि विश्वास. पाळकबाईंनी प्रेषिताचं पत्र उघडून समजावलं की माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, त्याच्या कर्मांनी होत नाही. ते देवाने दिलेलं दान आहे. आपण विश्वासाने हात तेवढा पुढे करायचा. म्हणून कोणाला फुशारकी मारायला जागाच नाही.

मी लगेच हात वर केला. "मग ज्यांनी मर मर मेहनत केली, त्यांचं काय?"

सरकारी दवाखान्यातली आमची नर्स मूळची तेलुगू, लग्न होऊन मराठी घरात आलेली. ती म्हणाली, "बाई, सोपं आहे हो. ग्रेस मार्क असतात ना, तसं."

"ग्रेस मार्क मिळायला निदान तीस-बत्तीस तरी पडावे लागतात," मी म्हटलं. "शून्यवाल्याला कोणी देत नाही."

पाळकबाई हसल्या. "बाई, हेच तर. इथे शून्यवाल्यालाच देतात."

मला काही ते पटलं नाही. शून्यवाल्याला पास करायचं तर आम्ही चौतीस वर्षं काय गवत उपटत होतो? पण पाळकबाईंशी वाद घालायचा नसतो, म्हणून मी चहाच्या कपाशी वाद घातला.

त्या परीक्षेला मी इतकी का पेटले होते, हे मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण लहान होतं आणि भीती मोठी होती. मी विसरायला लागले होते. दूध गॅसवर ठेवून अंगणात गेले ते जळक्या वासाने परत आले. खलबत्ता समोर दिसत होता आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना. रस्त्यात एका जुन्या विद्यार्थिनीने वाकून नमस्कार केला, आणि जिला तीन वर्षं रोज रागावले होते तिचं नाव काही केल्या सुचेना. "सुखी राहा बाळ," म्हणून वेळ मारून नेली. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती माझ्या हातचं जेवायची आणि अदबीने विचारायची, "तुमी कोणाच्या घरच्या?" मला त्या प्रश्नाची फार भीती वाटते. म्हणून मी मनाशी ठरवलं की पंधरा वचनं शब्दन् शब्द लिहिता आली तर मी ठीक आहे. डॉक्टरकडे जायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही. परीक्षा हीच तपासणी.

आता आक्का.

आक्का जैनथकडच्या एका खेड्यातली, वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मुलगा, सून, नातवंडं असं घर. पहाटे शेअर ऑटोने पालेभाजी घेऊन येते, शेतकऱ्यांच्या रैतू बाजारात दुपारपर्यंत विकते, आणि गुरुवारी मंडळाला येते. तिला लिहिता-वाचता येत नाही. वाचन सुरू झालं की डोळे मिटून बसते. पहिल्यांदा मला वाटलं, झोपते.

परीक्षेची नावनोंदणी चालली होती तेव्हा ती माझ्याजवळ आली. "बाई, मले लिवता येत नाई, पण याद राह्यते. मी बसू काय परीक्षेले?"

"बसा की," मी म्हटलं. "पण शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही हं."

"नाई होत," आक्का म्हणाली.

तिच्याकडून वचनं पाठ करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्गातला माझा एक नियम होता, कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची. एकदा कानासाठी आणि एकदा डोक्यासाठी. तिसऱ्यांदा विचारील तो बाकावर उभा. आक्कालाही मी तसंच शिकवलं. पहिल्यांदा म्हटलं की ती ऐकायची. दुसऱ्यांदा म्हटलं की ओठ हलवायची. पुढच्या गुरुवारी खणखणीत म्हणून दाखवायची. मी घरी चिठ्ठ्या लिहून स्वयंपाकघरात, आरशावर, फ्रिजवर चिकटवल्या होत्या, तरी मी कुठेतरी अडकायचेच. तिची रीत निराळी होती.

"जुड्या बांदता बांदता म्हणते मी," ती म्हणाली. "पंदरा जुड्या पालकाच्या, पंदरा वचनं. गिऱ्हाइकानं मदली जुडी उचलली का मले समजते कोणतं वचन इकल्या गेलं."

आम्ही खूप हसलो. मनात मात्र मला तिचा हेवा वाटला. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत.

नियम असा होता की ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आपल्याच मंडळातली लेखनिक मिळते. पाळकबाईंनी माझंच नाव दिलं. "बाईंपेक्षा प्रामाणिक कोण मिळणार?" हे त्यांचं वाक्य मला पुढे दोन महिने टोचत राहिलं.

परीक्षेच्या शनिवारी हॉल बायांनी भरला होता. लेखनिकांच्या बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून मला आणि आक्काला मागच्या छोट्या खोलीत बसवलं. तिथे रविवारी लहान मुलांचा वर्ग भरतो. खुर्च्या एवढ्याशा, माझे गुडघे हनुवटीला लागत होते. मी आधी माझा पेपर लिहायचा, मग आक्काचा, आणि दोन्ही एकदम द्यायचे असं ठरलं. पर्यवेक्षक होत्या बाजारहत्नूरच्या एक जाडजूड बाई. माझं नाव त्या ऐकून होत्या. "तुमी असल्यावर इथं काय पाह्यचं?" म्हणून त्या हॉलकडे निघून गेल्या.

पेपरावर एक ते पंधरा आकडे छापलेले आणि प्रत्येकाखाली चार बोटं जागा. मी सहा वचनं झरझर लिहिली. सातव्यावर पेन टेकवलं आणि काहीच नाही.

सातवं म्हणजे तेच, आपल्या कर्मांनी नव्हे असं सांगणारं. ज्याच्यावर मी वाद घातला होता, जे फ्रिजवर चिकटलेलं होतं, जे मी स्वतः आक्काला दोनदा सांगून शिकवलं होतं. पाटी पुसावी तसं ते गेलं होतं. मी आठवं लिहिलं, नववं लिहिलं, पंधराव्यापर्यंत गेले. मोठे प्रश्न लिहिले. कृपेचं उदाहरण म्हणून राजा आणि कैदी घालून दीड पान भरलं. परत सातव्याकडे आले. काहीच नाही. थंडीचे दिवस, तरी माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. मला आईचा आवाज ऐकू आला, "तुमी कोणाच्या घरच्या?"

वेळ चालला होता. मी माझा पेपर शेजारच्या खुर्चीवर तसाच उघडा ठेवला आणि आक्काचा पुढे ओढला. "हं, सांगा."

आक्का खिडकीतून बाहेरच्या सीताफळाच्या झाडाकडे बघत सांगायला लागली. एक, दोन, तीन, न थांबता. सहा झाली. मग तिने सातवं सांगितलं. मी लिहून घेतलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता आणि एकही माझ्याकडे नव्हता. मी पूर्णविराम दिला, तरी तिने तेच वचन पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, सुटं सुटं करून. मला वाटलं, म्हातारपणाची सवय. मी पण शहाणीच.

उदाहरणाच्या प्रश्नाला तिने सांगितलं, "लिवा, माझ्या बाजूले मिरचीवाली बसते. मी नाई आली तं सुनेनं पाठवलेली भाजी ते इकून देते. म्या तिले कदी सांगतलं नाई का इक म्हणून." मी विचारलं, "बस, एवढंच?" ती म्हणाली, "अजून काय पायजे?"

पेपर संपला तशी आक्का उठली. "मी पाणी पिऊन येते. तुमी पाहून घ्या."

आणि मी पाहून घेतलं. तिचा पेपर माझ्याच अक्षरात समोर पडलेला, माझा शेजारी, मध्ये पर्यवेक्षक नाही. कॉपी करायची इतकी सोय माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला मी कधी मिळू दिली नव्हती. सातव्या आकड्याखालची चार बोटं जागा मी भरली. वर एक वेलांटी मुद्दाम खोडून नीट केली, म्हणजे आठवून लिहिल्यासारखं दिसावं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज त्या वेलांटीची वाटते.

नाताळच्या आधी निकाल लागला. मला शहाण्णव, आक्काला चौऱ्याण्णव. एका वचनाला चार गुण, म्हणजे माझे खरे ब्याण्णव. हे गणित मी टाळ्या वाजत असतानाच करून टाकलं. पहिल्या बक्षिसाचा स्टीलचा कुकर मला मिळाला, दुसऱ्याचे सहा पेले आक्काला. तिने पेले उन्हात धरून चकाकतात का ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून छान हसली.

कुकर खोक्यासकट ओट्यावर बसला. मी तो उघडेना. माझे यजमान तहसीलमधून निवृत्त झालेले, पण त्यांच्या डोक्यातलं दफ्तर अजून चालू आहे. रोज सकाळी चहा घेताना ते खोक्याला टिचकी मारायचे. "काऊन वो, उघडून नाई राह्यली? नाग बसला का आत?"

तीन आठवडे मी नाताळचा फराळ, पाहुणे, गुडघा अशी कारणं देत राहिले. शेवटी एका बुधवारी सकाळी मला राहवेना. कॉपीचं सांगून टाकलं. विसरण्याचं मात्र गिळलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि तहसीलदारासमोर फाईल ठेवावी तशा सुरात म्हणाले, "दरख्वास्त दे. कबुली देल्ली का मिसल बंद, फाईल कपाटात." मसुदाही त्यांनीच करून दिला. "सदर अर्जदार खुशीने कबूल करते की" अशी सुरुवात होती. मी त्यातलं 'खुशीने' तेवढं खोडलं.

गुरुवारी एका हातात अर्ज, एका हातात कुकर घेऊन मी मंडळात गेले. प्रार्थना झाल्या झाल्या उभी राहिले आणि सांगितलं. ज्या पोरांना मी वर्गासमोर उभं केलं होतं ती सगळी त्या खोलीत दाटीवाटीने बसली आहेत असं वाटलं.

नर्सने तोंडात पदर कोंबला, पण हसू काही आवरेना. "अय्यो बाई, कृपेच्या पेपरात कॉपी!" मला असा संताप आला की तिला बाकावर उभं करावं. पण तिथे बाक नव्हता, सतरंजी होती.

पाळकबाईंनी अर्ज वाचला. त्या हसल्या नाहीत. "समितीकडे पाठवते," म्हणाल्या. "तुमचा पेपर रद्द होईल. आक्का पहिल्या." मग हलकेच विचारलं, "पण बाई, तुम्हाला तर सगळं पाठ होतं ना?"

"घाई झाली," मी म्हटलं. खोटं बोलायला आलेच होते जणू.

मी आक्कासमोर कुकर ठेवला. "आक्का, मी तुमचा पहिला नंबर चोरला. माफ करा."

आक्का कुकरचं खोकं फिरवून त्याच्यावरचं चित्र बघत होती. "चोरला कुठं? मी देल्लं होतं ना तुमाले."

"काय दिलं होतं?"

"सातवं. मले वाचता येत नाई, पण कोरी जागा दिसते ना वो बाई. तुमचा कागद खुर्चीवर व्हता. साऱ्या आकड्याखाली भरलेलं, एकाखालीच कोरं. माझ्या कागदावर तुमी त्याच जागी आल्या तवा तुमचं पेन कसंच्या कसं झालं. मंग मी दोनदा कायले सांगतलं? पाणी प्याले कायले गेली? मले काय तहान लागली व्हती?"

आता नर्सचं हसू थांबलं. मी उभी होते ती खाली बसले.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मला राग आला होता, खरंच सांगते. आपण केलेली चोरी ही चोरीसुद्धा नव्हती, हे ऐकून माणसाला राग येतो.

"बोलली असती तं तुमी घेतलं असतं काय?"

नसतं घेतलं. जन्मात नसतं घेतलं.

"पण तुमचा नंबर गेला!"

"गेला तं गेला. आता आला ना." तिने कुकर खोक्यासकट मांडीवर ओढला. "हा मी नेते. पयली आली मी. तुरीची दाळ शिजाले लई वेळ लागते आमच्याकडं."

इतक्या निःसंकोचपणे बक्षीस घेताना मी कोणाला पाहिलं नाही. नको, कशाला, राहू द्या, काही नाही. दिलं, घेतलं. पाळकबाईंनी त्या दिवशीचा धडा उघडलाच नाही. चहा मागवला.

साडेचारला आक्काला ऑटोपर्यंत सोडायला मी गेले. कुकर मी धरला होता, तिच्या हातात रिकामी टोपली. रस्त्याने ती नातवाच्या शाळेचं काहीबाही सांगत होती. ऑटो अजून भरला नव्हता, तिघी-चौघी यायच्या होत्या. आक्का मागच्या सीटवर चढून बसली आणि कुकर घ्यायला तिने हात पुढे केले. मी तो दिला नाही.

"आक्का, घाई नव्हती झाली."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. ज्या माणसाबरोबर अडतीस वर्षं संसार केला त्याला न सांगितलेलं मी तिथे, ऑटोच्या दांडीला धरून सांगितलं. दूध, खलबत्ता, त्या मुलीचं नाव. आईचं. सातव्याखालची जागा भरली तेव्हा मी पहिल्या नंबरासाठी भरली नव्हती. मला कोरी जागा बघवत नव्हती. "मला भीती वाटते," मी म्हटलं. "एक दिवस सगळंच तसं होईल. तुम्ही समोर याल आणि मी विचारीन, तुमी कोणाच्या घरच्या?"

होत नाही तसं, बाई, असं आक्का म्हणाली नाही. देव बरं करील, असंही म्हणाली नाही. डोक्याला तेल लावा म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

"घरच्या मानसाले सांगा पयले," ती म्हणाली. "डाक्टरले दाखवा. अन् इसरल्या तं इसरल्या. मी हाय ना. दोनदा सांगीन."

"आणि तिसऱ्यांदा विचारलं तर?"

"तं मी काय तुमाले बाकावर उभं करते काय?" ती हसली. "मी काय बाई हाय तुमच्यासारकी?"

मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी कुकर तिच्या मांडीवर ठेवला. दोघी बाया येऊन चढल्या, आक्का सरकली. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"सातवं म्हणा," आक्का म्हणाली.

मी तोंड उघडलं. पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि पुढे पुन्हा कोरी जागा.

हॉर्न चालू होता. आक्काने सातवं वचन सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. आणि मग, मी न मागता, पुन्हा एकदा.